मुबारकमामूचं जन्मगाव

"जन्म कुठला?"

"परभणीचा, साहेब."

दिनकररावांनी टाक दौतीत बुडवला, पण लिहिलं काहीच नाही. मान वर करून त्यांनी समोरच्या माणसाकडे पाहिलं. पन्नाशी ओलांडलेला, काळासावळा, हाडापेरानं मोठा. कुरळी दाढी निम्मी पांढरी. अंगात सदरा, कमरेला चौकड्यांची लुंगी. कचेरीच्या ओसरीत सकाळपासून उकिडवं बसलेल्या बाकीच्या अरबांसारखाच तो दिसत होता, पण बोलत होता एखाद्या कुणब्यासारखा.

"मराठी कुठं शिकलात?"

"शिकलो न्हाई, साहेब. इथंच ऱ्हातो, म्हून येती."

"हं. ज्याला फार चांगली येते, त्याचाच मला जास्त संशय येतो."

मुबारकनं टाकाकडे पाहिलं. हे साहेब नव्या सरकारबरोबर अकोल्याहून येऊन तीन आठवडे झाले होते. इथल्या लोकांचं बोलणं त्यांना चपराशाकडून पुन्हा विचारून घ्यावं लागत होतं. पण टेबलाच्या त्या बाजूला ते होते, आणि या बाजूला तो.

निजामाची फौज शरण येऊन महिना उलटला होता. जिल्ह्यातल्या अरबांची यादी करण्याचं काम दिनकररावांकडे होतं. जे त्यांच्या मुलखातून इथं चाकरीला आले, त्यांना मुंबईहून जहाजानं परत धाडायचं. जे इथंच जन्मले, त्यांना राहू द्यायचं. पण तसं शाबीत करून दाखवलं तर.

"हत्यार?"

"जंबिया व्हता. ठाण्यात जमा केला."

"धंदा?"

"मरफा वाजवतो."

"म्हणजे काय?"

"तांब्याचा ल्हान नगारा असतो, गळ्यात अडकवायचा. वरातीत वाजवतो."

"कोणाच्या?"

"ज्याचं लगीन असंल त्याच्या."

दिनकरराव हसले नाहीत. टेबलावरचा एक चतकोर कागद त्यांनी बोटानं पुढे सरकवला. मुबारकला वाचता येत नव्हतं, हे लक्षात आल्यावर पुन्हा मागे घेतला.

"तुमच्याबद्दल अर्ज आलाय. सही नाही. श्रावणात पोखर्णीपलीकडची खडकवाडी जाळली, तेव्हा रझाकारांच्या टोळीच्या पुढे मरफा वाजत होता, असं लिहिलंय. तुमचा मरफा." ते थांबले. "त्याची चौकशी निराळी होईल. आधी तुम्ही कुठले ते ठरू दे. पुढच्या गुरुवारी दोन साक्षीदार आणा. एक तरी जमीनजुमला असलेला हवा. तुमच्या लोकांपैकी नको. तुमचा जन्म इथला, हे त्यांनी स्वतःच्या माहितीनं सांगायचं."

"आन् न्हाई आणले तर?"

"तर जहाज," दिनकरराव म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

अर्ज कुणी लिहिला असेल, याचा विचार करत मुबारक घराकडे निघाला. रस्त्यातल्या न्हाव्यानं सलाम घेतला नाही. पानवाल्यानं घेतला, पण जरा जास्तच वाकून. आपल्याच ताफ्यातला डफवाला कोपऱ्यावर उभा होता, तो त्याला पाहून गल्लीत वळला. चाळीस वर्षं या रस्त्यानं तो वराती घेऊन गेला होता. कुठल्या घराच्या गच्चीवरून बायका पाहतात, कुठल्या वळणावर घोडं बिचकतं, सगळं त्याला पाठ होतं. आज पहिल्यांदाच प्रत्येक दाराकडे पाहताना त्याला वाटलं, हाच असेल का?

आणि लिहिणाऱ्यानं खोटं तरी कुठं लिहिलं होतं?

खोटं त्यानंच सांगितलं होतं. त्याचा जन्म परभणीचा नव्हता. समुद्रापलीकडच्या अरब मुलखात, हद्रमौतच्या एका खोऱ्यात तो जन्मला होता. नऊ वर्षांचा असताना त्याच्या चाच्यानं त्याला मुकल्ल्याच्या बंदरावर जहाजात बसवलं. चाचा इथं सरकारी खजिन्यावर पहाऱ्याला होता, आणि फावल्या वेळात मरफा वाजवायचा. पोराच्या हातात त्यानं बंदुकीआधी मरफ्याच्या काड्या दिल्या. पोरगं वाजवायला शिकलं, गायला शिकलं. पुढं चाचा वारला. तिकडची पत्रं यायची थांबली.

त्याची भाषा कधी गेली, ते त्याला कळलंही नव्हतं. गाणी तेवढी राहिली. त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ आता त्याला लागत नव्हता. एकदा हैदराबादेत एका मोठ्या लग्नात त्यानं गाणं उचललं, तर मुलखातून नव्यानंच आलेले चार जवान एकमेकांकडे पाहून हसले. एक म्हणाला, हा तर हिंदी आहे. त्या रात्री तो जेवला नव्हता. इकडे परभणीत मात्र चाळीस वर्षं त्याला 'आरब' म्हणूनच हाक मारत आले होते. खेड्यांतून तेवढा तो 'मुबारकमामू' होता.

त्याची बायको हलीमाबी दारातच उभी होती. त्याचं सगळं ऐकून घेऊन तिनं दार लावून घेतलं, आणि मग हळू आवाजात विचारलं, "किसने लिखा?"

"क्या मालूम."

"डफवाला लिखा होंगा. उसकू तुमारा मरफा होना."

"उसकू लिखना कां आता?"

"किसीसे लिखवाया होंगा." तिनं पदराचं टोक पिळलं. ती मानवतची. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. "तुमकू भेजे तो मैं नक्को आती, हां. उधर मेरा कौन है?"

मुबारकनं भिंतीला पाठ टेकली. "मेरा कौन है?" तो म्हणाला.

ती उठून चुलीकडे गेली.

दोन दिवस विचार करून त्यानं खडकवाडीला जायचं ठरवलं. हलीमाबीला ते वेड वाटलं. जिथं जाळपोळ झाली, तिथंच साक्ष मागायला जायचं? पण दुसरीकडे गेलं तरी हा प्रश्न येणारच होता. शिवाय धुरपताबाई पाटलीण तिथं होती. तिच्या दोन्ही मुलींच्या वराती त्यानं वाजवल्या होत्या. तिचं माहेर परभणीचं, अरबांच्या गल्लीला लागून. तिच्या नावावर साठ एकर जमीन होती.

पहाटे निघून तो चालत गेला. पोखर्णीच्या देवळापाशी एका गाडीवानाला त्यानं हाक मारली, पण त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढं खडकवाडीच्या अलीकडं चिंचेचं झाड आलं. तिथं त्याचे पाय आपोआप थबकले. मग तो मान खाली घालून वाडीतून गेला. पाटलाच्या घराच्या भिंती अजून काळ्या होत्या.

धुरपताबाई शेतात होती. कापसाची वेचणी चालली होती. दहाबारा बायका ओळीनं बोलत, हसत पुढं सरकत होत्या. बांधावर तो दिसला तशी ती सगळी कुजबुज थांबली. एकीनं आपल्या पोरीला ओढून जवळ घेतलं. मुबारकमामू म्हणून कुणी हाक मारली नाही.

धुरपताबाई साठीची, उंच, कपाळ पांढरं. ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा करून ती वळली.

"कामून आलास?"

"साक्षीसाठी आलो, आक्का." त्यानं सगळं सांगितलं. अर्जाचंही सांगितलं.

"त्या अर्जाचं मला इचारू नको. वाडीत लिव्हता येणारं कुणी ऱ्हायलं न्हाई." तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "येताना भिंती पाह्यल्यास?"

"पाह्यल्या."

"त्या दिशी म्होरं तूच व्हतास का?"

याचं उत्तर त्यानं वाटभर घोकलं होतं. मरफा टोळीनं हिसकावून नेला, वाजवणारा दुसराच कुणी होता. त्याला पाहिलं कुणीच नव्हतं. सगळी वाडी ज्वारीत दडली होती. कोण नाही म्हणणार होतं?

तेवढ्यात त्याला सटवाजी दिसला. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन तो गाडीपाशी उभा होता. सटवाजी म्हणजे पोखर्णीच्या देवळात सनई वाजवणारा. वीस वर्षं दोघांनी एकाच वरातीत वाजवलं होतं. सटवाजीची सनई श्वास घ्यायला कुठं थांबते ते मुबारकला माहीत होतं, आणि मुबारकचा हात कुठं पडतो ते सटवाजीला.

"मीच व्हतो," मुबारक म्हणाला.

बायकांपैकी कुणीतरी थुंकलं.

"दोघं बंदुका घेऊन घरी आले. म्हनले, मरफा घे आन् चल. हलीमा दारातच व्हती. गेलो."

"गेलास," धुरपताबाई म्हणाली.

"व्हय."

सटवाजीनं गाठोडं खाली टाकलं. "आक्का, येक बोलू का? मी त्या दिशी म्हशी घिऊन नाल्याकडं व्हतो. वेशीत शिरताना वाजव असं त्येला सांगितलं असंल की न्हाई? ह्यानं चिंचंपासूनच वाजवाया सुरुवात केली. पाऊण कोस. मी म्हनलं, मुबारकमामूचा हात हाय ह्यो, पर आज लगीन कुणाचं? म्हून उठून पाह्यलं, तर खाकी कपडे दिसले. मंग मी वरडत पळालो. न्हाईतर कुणाला खबर लागली आसती?"

धुरपताबाईची नजर मुबारकवरून हलली नाही. "खबर द्याया वाजविलास?"

'व्हय' म्हणायला एवढं सोपं कधीच नव्हतं. सटवाजीनं दार उघडून दिलं होतं, त्यानं फक्त आत जायचं होतं. मुबारकनं आपल्या हातांकडे पाहिलं.

"खरं सांगू का, आक्का? मलाच मालूम न्हाई. भ्या वाटलं की माझे हात आपसूक चालाया लागतात. ल्हानपणापासून तसंच हाय. तुमास्नी कळावं असं मनात आलतं, का निस्तं भ्या व्हतं, ते म्या लय येळा आठवून पाह्यलं. न्हाई सांगता येत."

दूर कुठंतरी मोटेचं चाक कुरकुरत होतं.

"आश्रुबा लंगडा व्हता," धुरपताबाई म्हणाली. आश्रुबा तिचा दीर. "पोरीबाळी वाचल्या. त्येला पळता आलं न्हाई."

"मालूम हाय."

"कचेरी कोण्या दिशी?"

"बेस्तरवारी."

तिनं ओटी पुन्हा खोचली आणि ती ओळीत जाऊन वेचायला लागली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. सटवाजीनं बांधावरच्या घागरीतून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. ओतताना दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हते.

गुरुवारी मुबारक सकाळीच कचेरीच्या ओसरीत जाऊन बसला. आवारात पोलिसांची लॉरी उभी होती. यादीत नक्की झालेल्या अरबांना संध्याकाळच्या गाडीनं रवाना करायचं होतं. त्यांच्या वळकट्या भिंतीशी रचल्या होत्या. बारा वाजत आले. दोनदा त्याचं नाव पुकारलं गेलं, आणि दोनदा तो म्हणाला, "येतील, साहेब."

मग फाटकातून बैलगाडी आत आली. सटवाजी हाकत होता, मागं धुरपताबाई ताठ बसली होती. तिला पाहून मुबारक उठून उभा राहिला, पण पुढं गेला नाही. ही साक्ष कुठली द्यायला आली आहे? एवढ्या लांब ती आपल्या जन्माची साक्ष द्यायला कशाला येईल? आश्रुबाची द्यायलाच आली असेल. समोरून जाताना तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तुम्ही याला ओळखता?" दिनकररावांनी विचारलं. पाटलीण म्हणून त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली होती. ती उभीच राहिली.

"वळखते."

"कधीपासून?"

मुबारकनं डोळे मिटून घेतले.

"जलमल्यापासून," धुरपताबाई म्हणाली. "माझं माहेर हितलंच, आरबाच्या गल्लीच्या कडंला. माझी माय बाळंतपणं करायची. ह्येच्या आईचं तिनंच केलं. मी आठधा वर्साची आसंन, चुलीवर पाणी तापवाया बसले व्हते."

"आईचं नाव?"

"बानूबी. गोरी व्हती, ठेंगणी. तीन दिस कळा दिल्या तिनं. मंग ह्यो झाला, पायाळू."

"आता कुठं आहे ती?"

"मेली की. पटकीत. ह्यो चारपाच वर्साचा व्हता. हितंच मातीत हाय ती, रेल्वेच्या पल्याडच्या कबरस्तानात."

ती न अडखळता बोलत होती, आणि मुबारक ऐकत होता. त्याची आई उंच होती, काळी होती. निळीत रंगवलेलं कापड ती पांघरायची, त्याची निळाई तिच्या हातांना लागलेली असे. ती पटकीत मेली नव्हती. मेली की नाही हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. धुरपताबाईच्या एकेका वाक्यागणिक ती उंच बाई मागं सरकत होती, आणि तिच्या जागी कुणी गोरी, ठेंगणी बानूबी येऊन उभी राहत होती. तो मान हलवत होता. त्याला मान हलवावीच लागत होती.

सटवाजीनंही, बापाबरोबर परभणीला यायचो तेव्हा याला आईच्या कडेवर पाहिलं, असं सांगितलं.

दिनकररावांनी सगळं लिहून घेतलं आणि टाक ठेवला. "सगळं अगदी तोंडपाठ आहे," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. मग त्यांनी चपराशाला हाक मारून ओसरीतल्या सईदला आत आणायला सांगितलं.

सईद म्हातारा होता. पंधरा वर्षं त्यानं एका गढीच्या दारावर पहारा केला होता. दाराबाहेरच्या मुलखाशी त्याचं कधी काम पडलं नाही. मराठीचा एक शब्द त्याला येत नव्हता, हिंदुस्थानी जेमतेम यायची. दिनकररावांनी त्याला समजेल अशा तुटक हिंदुस्थानीत सांगितलं, "इस आदमीसे अपनी जबान में बात करो. कुछ भी."

आणि स्वतः ते पुढे झुकून मुबारकच्या चेहऱ्याकडे पाहत बसले.

म्हाताऱ्यानं मुबारकला न्याहाळलं. कपाळ पाहिलं, कानाच्या पाळ्या पाहिल्या. मग तो अगदी सावकाश, घरातल्या माणसाशी बोलावं तसा बोलायला लागला.

मुबारकला वाटत होतं, आपल्याला आता काही कळायचं नाही. पण पहिलाच शब्द कानावर पडला आणि बाकीचे सगळे त्याच्यामागून, हाक मारल्यासारखे, आत आले. एकही सुटला नाही.

"बाळा, तू आमच्याच खोऱ्यातला आहेस," म्हातारा म्हणत होता. "तुझं कपाळ मी ओळखलं. मी आज परत चाललोय. महिन्याभरात तिकडं असेन. तुझी आई असेल, बहीण असेल, नुसती कबर असेल. नाव सांग. मी चालत जाऊन निरोप देईन. एवढं एक नाव सांग."

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. धुरपताबाई खिडकीबाहेर पाहत होती. दिनकररावांनी पापणीही हलवली नव्हती.

मुबारकनं आपला चेहरा जसा होता तसाच ठेवला. किती वेळ, ते त्याला कळलं नाही. मग दिनकररावांकडे वळून तो म्हणाला, "काय म्हनायलेत हे, साहेब?"

म्हाताऱ्याला ते शब्द कळले नाहीत, पण बाकी सगळं कळलं. त्यानं दोन्ही हातांनी आपली दाढी कुरवाळली.

"इसकू नहीं आती," तो दिनकररावांना म्हणाला. "ये तुमारे मुलुक का आदमी."

दिनकररावांनी निःश्वास टाकला आणि यादीतल्या नावापुढे काहीतरी लिहिलं. धुरपताबाईचा आणि सटवाजीचा अंगठा घेतला. "राहा," ते मुबारकला म्हणाले. "पण तो अर्ज मी फाडलेला नाही. गाव सोडायचं झालं तर ठाण्यात सांगून जायचं."

"व्हय, साहेब."

बाहेर लॉरीत माणसं चढत होती. म्हाताऱ्या सईदला दोघांनी हात देऊन वर घेतलं. तो फळीला धरून कडेला बसला. मुबारक दहा पावलांवर उभा होता, आणि मध्ये बंदूकवाला शिपाई होता. ज्या भाषेत निरोप द्यायचा, ती आता त्याला कधीच बोलता येणार नव्हती. निदान या आवारात तरी नाही.

"बाबा, संभाळून जावा," तो मराठीत म्हणाला.

म्हाताऱ्यानं शेजारच्या जवानाला विचारलं, काय म्हणाला तो? जवानानं खांदे उडवले. मुबारकला तेही कळलं. लॉरी धूळ उडवत स्टेशनच्या रस्त्याला लागली.

"चल, बस," मागून धुरपताबाई म्हणाली. "गाडी तुझ्या गल्लीवरूनच जायलीय."

तो मागं चढून बसला, पाय खाली सोडून. सटवाजीनं बैल हाकले. कचेरीचं आवार मागं पडलं.

"काय म्हनलं रे ते म्हातारं तुला?" धुरपताबाईनं विचारलं.

मुबारकनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्यासाठी एवढं खोटं बोलून आलेली बाई. नऊ वर्षांचं पोरगं चाच्याचं बोट धरून गल्लीत आलं, तेव्हा तिनं ते डोळ्यांनी पाहिलेलं असणार. तरी त्यानं एकदा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली.

"काय की, आक्का," तो म्हणाला. "मला कुठं येती त्यांची भाषा."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग पदर सावरून तोंड रस्त्याकडे वळवलं.

पुढं फरशीचा रस्ता लागला आणि चाकं मोठ्यानं खडखडायला लागली. त्या आवाजात मुबारकचे ओठ हलले. त्यानं एक नाव घेतलं. हाताच्या अंतरावर बसलेल्या धुरपताबाईलाही ते ऐकू गेलं नाही.